हरताळ, केराची टोपली आणि तीनशे पंधरा जीबी

परवा शनिवारी सकाळी चहा घेत होतो, तेवढ्यात आईचं फर्मान आलं. "त्या काळ्या डबीत ताईच्या लग्नाचं शूटिंग टाकून दे रे, मावशीकडे न्यायचंय." काळी डबी म्हणजे आमच्या घरची एक टेराबाईटची एक्स्टर्नल हार्ड डिस्क. (विंडोज तिला ९३१ जीबी म्हणतं, कारण डिस्क विकणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. तो एक वेगळाच लेख होईल.) शूटिंग ५८ जीबीचं, आणि डबीत जागा शिल्लक जेमतेम ४ जीबी.

आता सॉफ्टवेअरवाला मुलगा घरात असताना आई दुसऱ्या कुणाला कशाला सांगेल? बसलो. पण हिशोब काही लागेना. ९३१ मधून ४ वजा, म्हणजे ९२७ जीबी वापरात हवेत. सगळे फोल्डर सिलेक्ट करून प्रॉपर्टीज बघितल्या तर बेरीज ६१२. म्हणजे ३१५ जीबी गायब! उंदराने खाल्ले म्हणावं तर तेही शक्य नाही.

मग विनडर्स्टॅट लावलं. कुठल्या फोल्डरने किती जागा अडवली आहे त्याचा रंगीबेरंगी नकाशा हे सॉफ्टवेअर काढून देतं. नकाशात एक तृतीयांश जागा एकाच फोल्डरने व्यापलेली. नाव 'डॉट ट्रॅशेस', आत एक फोल्डर '५०१' आणि त्याच्या पोटात सगळा माल. उलगडा झाला. आमचा मामेभाऊ, म्हणजे दादा, व्हिडिओ एडिटिंग करायचा आणि २०१७ ते २०१९ ही डबी त्याच्याकडेच होती. त्याचा मॅकबुक. त्याने जे जे 'डिलीट' केलं ते डिस्कवरून गेलंच नव्हतं, या लपवलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसलं होतं. इतकी वर्षं. आम्ही डबी उचलून इकडून तिकडे नेत होतो ती एक तृतीयांश कचऱ्याने भरलेली.

शिफ्ट-डिलीटवर बोट गेलंच होतं. तेवढ्यात यादीत एक फोल्डर दिसला. 'जुना मोबाईल'. हा दादाचा नव्हे, माझा. मी थांबलो.

त्यात काय होतं ते शेवटी सांगतो. मधल्या वेळात एक प्रश्न डोक्यात शिरला तो काही निघेना. 'डिलीट' या शब्दाचा नक्की अर्थ काय? आपण रोज पन्नास वेळा हे बटण दाबतो, आणि दर वेळी काय होतं ते मशीननुसार, डिस्कनुसार, सालानुसार वेगळं असतं. असं का? शनिवार-रविवार त्यातच गेला.

सुरुवात कंप्युटरच्या फार आधीपासून करू. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण नेहमी वापरतो. अमक्याने तत्त्वांना हरताळ फासला, वगैरे. (संपाचा हरताळ वेगळा बरं का. तो 'हट्ट' म्हणजे बाजार आणि त्याला लावलेला 'टाळा' यांच्यावरून आलाय.) हा हरताळ म्हणजे पिवळ्या रंगाचं एक खनिज, आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की लेखक त्यावर हरताळाचा लेप द्यायचा. पिवळसर कागदावर पिवळा लेप, की झालं, अक्षर 'नाही' असं समजायचं. पण खालची शाई तिथेच. लेप पातळ असला किंवा काळाच्या ओघात उडाला, की जुनं अक्षर डोकं वर काढतं.

म्हणजे खोडणं हे नष्ट करणं नव्हतं, 'हे वाचू नका' अशी खूण करणं होतं. हे लक्षात ठेवा. पुढे सगळं यावरच आहे.

आता कंप्युटरकडे. १९५६ मध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क विकायला काढली. रामॅक ३०५ नावाच्या मशीनबरोबर ती यायची. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या घरात आणि मावायची किती? ५० लाख अक्षरं. आज मोबाईलवरचा एखादा फोटोसुद्धा त्यात बसायचा नाही. जागा अशी सोन्याच्या भावाने मिळत असताना, टाकून दिलेली गोष्ट कुणी कोपऱ्यात जपून ठेवेल का? नको म्हणजे नको. जागा लगेच परत द्या.

युनिक्स याच वळणावर वाढलं. १९७१ च्या त्याच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये 'आरएम' ही कमांड आहे, रिमूव्ह चं छोटं रूप. ती खरं तर फाईल पुसत नाही, फक्त फाईलचं नाव यादीतून काढते. ज्या फाईलला एकही नाव उरलं नाही आणि जी कुठल्या प्रोग्रॅमने उघडून ठेवलेली नाही, तिची जागा मोकळी धरली जाते. "नक्की का?" असं विचारणं वगैरे बहुतेक वेळा नाहीच. तुम्ही शहाणे आहात, म्हणालात ना काढ? काढलं.

या शहाणपणाची किंमत पिक्सारने १९९८ मध्ये मोजली. 'टॉय स्टोरी २' चं काम चालू होतं. कुणीतरी चुकीच्या जागी आरएम चालवली आणि स्क्रीनवर लोकांच्या डोळ्यांदेखत पिक्चर विरघळायला लागला. वुडीची टोपी गेली, मग वुडीच गेला. धावाधाव करून मशीन बंद केलं तोवर बहुतेक सगळं साफ. बॅकअपवर भिस्त होती, तर तोही काही दिवस नीट होत नव्हता हे तेव्हाच कळलं. शेवटी वाचवलं कुणी? गॅलिन सुझमन नावाच्या टेक्निकल डायरेक्टर बाईंनी. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून पिक्चरची एक प्रत घरच्या कंप्युटरवर होती. तो कंप्युटर पांघरुणात गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर बसवून ऑफिसात आणला गेला. (गंमत म्हणजे नंतर कथाच पटली नाही म्हणून पिक्चरचा बराचसा भाग त्यांनी पुन्हा नव्याने केला. पण ते आपणहून. हात चुकून नव्हे!)

हात चुकतो. हा या इतिहासातला दुसरा हिरो. पहिला हिरो म्हणजे जागेची हाव. पुढची सगळी गोष्ट या दोघांच्या भांडणाची आहे.

पर्सनल कंप्युटर आले तेव्हा त्यावर आधी सीपी-एम ही ऑपरेटिंग सिस्टिम चालायची, गॅरी किल्डालने १९७४ मध्ये लिहिलेली. तिच्यात फाईल डिलीट केली की फ्लॉपीवरच्या यादीत त्या फाईलच्या नोंदीचा पहिला बाईट बदलून तिथे 'ई५' हा आकडा लिहिला जायचा. बस. फाईलमधला मजकूर जिथल्या तिथे. पुढे १९८० मध्ये टिम पॅटर्सनने जी सिस्टिम लिहिली आणि मायक्रोसॉफ्टने विकत घेऊन जिचं डॉस केलं, तिच्यातही हाच ई५ आला. फॅट नावाच्या फाईल सिस्टिममध्ये डिलीट केलेल्या फाईलच्या नावाचं पहिलं अक्षर जातं आणि त्या जागी ई५ बसतो. जपानी लिपीतलं एखादं अक्षर खरोखरच ई५ ने सुरू होतं, मग ती फाईल डिलीट झालेली समजायची का? तर तसं होऊ नये म्हणून तिथे ई५ ऐवजी ०५ लिहायचा, असा खास नियम करावा लागला.

मला तर हा ई५ म्हणजे कंप्युटरचा हरताळच वाटतो. अक्षरावर पिवळा ठिपका, खाली शाई तशीच.

ही शाई वाचता येते हे ज्याने धंद्यात आणलं तो पीटर नॉर्टन. विमान-अवकाश क्षेत्रातली नोकरी गेलेला प्रोग्रॅमर. त्याच्या हातून एक फाईल चुकून डिलीट झाली. पुन्हा टाइप करत बसण्यापेक्षा त्याने डिस्कवरून ती परत उचलणारा प्रोग्रॅम लिहिला. १९८२ मध्ये नॉर्टन युटिलिटीज बाजारात आली ती 'अनइरेज' हे हुकमी पान हातात घेऊन. हा प्रोग्रॅम तुम्हाला विचारायचा, नावाचं पहिलं अक्षर काय होतं हो? कारण तेवढंच खरोखर गेलेलं असायचं. लोकांनी उड्या मारल्या. १९९० मध्ये नॉर्टनने कंपनी सिमँटेकला विकली आणि १९९१ च्या डॉस ५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'अनडिलीट' ही कमांड घरचीच असल्यासारखी देऊन टाकली.

पण यात एक अट होती. डिलीट केल्यावर डिस्कवर काहीही नवीन लिहायचं नाही. लिहिलंत तर मोकळ्या धरलेल्या जागेवर नवा मजकूर बसणार आणि जुना कायमचा जाणार. म्हणजे सुटका होती, पण नशिबाच्या भरवशावर.

नशीब काढून टाकायचं काम ॲपलने केलं. जानेवारी १९८३ मध्ये आलेल्या लिसा कंप्युटरच्या पडद्यावर केराची टोपली होती. एका वर्षाने, २४ जानेवारी १९८४ ला मॅकिंटॉश आला, त्यावर सुझन केअरने काढलेली छोटीशी चित्रं होती आणि कोपऱ्यात कचऱ्याचा डबा. कल्पना इतकी साधी की आज तिचं काही वाटत नाही. पण विचार करा. घरातला कागद आपण टोपलीत टाकतो तेव्हा तो जळत नाही. संध्याकाळपर्यंत तिथेच असतो. "अरे, त्या पाकिटावर फोन नंबर होता!" म्हणून आपण टोपली उलथी करू शकतो. टाकणं आणि नष्ट होणं यांच्यामध्ये जी फट असते ती मॅकने कंप्युटरमध्ये आणली.

अर्थात जागेची हाव होतीच. पहिल्या मॅकला मेमरी १२८ केबी आणि फ्लॉपी ४०० केबीची. तिथे कचरा किती दिवस सांभाळणार? त्यामुळे जुन्या मॅकवर टोपली आपोआप रिकामी व्हायची. मशीन बंद केलं की साफ. १९९१ मध्ये सिस्टिम ७ आली, तोपर्यंत हार्ड डिस्क सरसकट झाल्या होत्या. मग नियम ठरला, कचरा मालकाच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही. तुम्ही स्वतः 'एम्प्टी ट्रॅश' म्हणेपर्यंत सगळं तिथेच. म्हणजे भांडणात हात जिंकला आणि जागा हरली. जागा मात्र तुमची!

या टोपलीवरून कोर्टबाजी झाली हे तुम्हाला माहीत होतं का? मार्च १९८८ मध्ये ॲपलने मायक्रोसॉफ्ट आणि एचपी या दोघांना कोर्टात खेचलं. आमच्या खिडक्या, आमची चित्रं चोरली म्हणून. एकूण १८९ मुद्दे. जवळपास सगळे फेटाळले गेले. काही मायक्रोसॉफ्टला आधीच्या करारात दिलेले, काही कुणा एकाच्या मालकीचे होऊच शकत नाहीत असे. ॲपलच्या पदरात पडलं ते एवढंच, की एचपीच्या न्यूवेव्ह प्रोग्रॅममधलं कचऱ्याच्या डब्याचं आणि फोल्डरचं चित्र ही नक्कल आहे. १९९४ मध्ये अपील कोर्टानेही ॲपलला हात हलवत परत पाठवलं. पुढच्याच वर्षी, २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं. त्याच्या डेस्कटॉपवर कचऱ्याचा डबा नव्हता. रिसायकल बिन होतं! टाकाऊतून टिकाऊ. आता यामागे वकील किती आणि पर्यावरण किती, ते तुम्हीच ठरवा :)

विंडोजने मात्र जागेशी तडजोड केली. प्रत्येक ड्राइव्हच्या १० टक्के जागा कचऱ्याला. तेवढी भरली की सगळ्यात जुना कचरा आपोआप बाहेर. मॅकने मर्यादा घातली नाही, विंडोजने घातली. दोन वेगळे करार.

आणि इथे आपली काळी डबी येते.

२००० साली सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने थंबड्राइव्ह आणलं, आयबीएमने इस्रायलच्या एम-सिस्टिम्सकडून बनवून घेतलेलं ८ एमबीचं डिस्क-ऑन-की विकायला काढलं, आणि हळूहळू फ्लॉपीचं दिवस भरले. डिस्क खिशात आली. तोवर डिस्क आणि मशीन यांचं लग्न लागलेलं असायचं, एकाच मशीनचा एकच करार. आता डिस्क आज विंडोजच्या घरी, उद्या मॅकच्या, परवा लिनक्सच्या. मग टोपली कुणाची? ती ठेवायची कुठे?

मशीनने स्वतःच्या डिस्कवर ठेवावी म्हटलं, तर १० जीबीचा व्हिडिओ डिलीट करायला आधी तो १० जीबी कॉपी व्हायला हवा. कोण थांबेल तेवढं? त्याच डिस्कवर हलवायचा तर काहीच हलत नाही, फक्त यादीतला पत्ता बदलतो, पापणी लवायच्या आत. म्हणून सगळ्यांनी ठरवलं की कचरा ज्या डिस्कचा त्याच डिस्कवर, लपवलेल्या फोल्डरमध्ये. मॅक 'डॉट ट्रॅशेस' करतं आणि आत प्रत्येक युजरचा नंबर. (५०१ म्हणजे मॅकवरचा पहिला युजर, अर्थात दादा.) लिनक्स 'डॉट ट्रॅश-१०००' असं काहीसं करतं. विंडोजचा फोल्डर आधी 'रिसायकल्ड' किंवा 'रिसायकलर' होता, व्हिस्टापासून 'डॉलर रिसायकल डॉट बिन' झाला.

आता मेख अशी की यांना एकमेकांचा कचरा ओळखता येत नाही. मॅकवर टाकलेलं विंडोजच्या बिनमध्ये दिसणार नाही. विंडोजला तो नुसता एक लपवलेला फोल्डर. तुम्ही विंडोजवर शंभर वेळा 'एम्प्टी रिसायकल बिन' करा, मॅकचा एक कागदही हलायचा नाही. बाडबिस्तरा प्रत्येकाचा वेगळा, भाडं मात्र एकाच डबीवर.

आणि दुसरी मेख पहिलीच्या बरोबर उलट. विंडोजने रिसायकल बिन दिलं ते पक्क्या डिस्कना. एक्स्टर्नल हार्ड डिस्क त्यात बसते. पण पेन ड्राइव्हला ते 'काढता येण्याजोगं' समजतं, पूर्वी फ्लॉपीला समजायचं तसं, आणि तिथे टोपलीच नाही. डिलीट म्हणजे थेट ई५. बटण तेच, विचारायची खिडकीही जवळपास तीच, फक्त वाक्यात 'कायमचं' एवढाच एक शब्द जास्त. कोण वाचतंय?

म्हणजे एकच डिलीट. मॅकवर एक्स्टर्नल डिस्कमधून केलंत तर वर्षानुवर्षं जात नाही. विंडोजवर पेन ड्राइव्हमधून केलंत तर त्या क्षणी जातं.

"बरं झालं, गेलं ते गेलं," असंही नाही हं. जे जायला हवं ते न जाण्याचा इतिहासही मोठा आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये अमेरिकेत इराण-काँट्रा प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतले जॉन पॉइंडेक्स्टर आणि ऑलिव्हर नॉर्थ यांनी प्रॉफ्स नावाच्या ऑफिसच्या ईमेल सिस्टिममधून हजारो निरोप डिलीट केले. बटण दाबलं म्हणजे संपलं, असा आपला प्रामाणिक समज होता, अशा अर्थाचं नॉर्थने नंतर संसदेच्या समितीपुढे सांगितलं. पण बॅकअपच्या टेप शाबूत होत्या. त्या टेपांवरचे निरोप टॉवर आयोगाच्या हाती लागले आणि फेब्रुवारी १९८७ च्या अहवालात छापून आले.

सामान्य माणसांचं काय? एमआयटीतल्या सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलत या दोघांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू निघाल्या. ६९ डिस्कवरच्या फायली परत काढता आल्या, ४९ वर लोकांची चांगलीच खासगी माहिती होती. आजारपणाची पत्रं, प्रेमपत्रं आणि पाच हजारांवर क्रेडिट कार्ड नंबर. एक डिस्क तर इलिनॉयमधल्या एटीएमची, वर्षभराच्या व्यवहारांसकट! या सगळ्यांनी विकण्याआधी काही केलंच नव्हतं असं नाही. बऱ्याच जणांनी डिलीट केलं होतं, फॉरमॅटही केलं होतं. म्हणजे काय केलं होतं? हरताळ फासला होता.

यावर उपाय म्हणून मजकुरावर पुन्हा पुन्हा काहीबाही लिहून तो मारायची पद्धत निघाली. १९९६ मध्ये पीटर गटमनने ३५ वेळा लिहिण्याची कृती मांडली आणि लोकांनी ती देवाच्या नेवैद्यासारखी जशीच्या तशी पाळली, खरं तर ती वेगवेगळ्या जुन्या डिस्कसाठी वेगवेगळी होती. ॲपलने २००३ मध्ये 'सिक्युअर एम्प्टी ट्रॅश' दिलं आणि २०१५ मध्ये काढूनही घेतलं. कारण एसएसडी आणि फ्लॅश मेमरीत 'त्याच जागेवर लिही' म्हटलं तरी आतला कंट्रोलर तो मजकूर गुपचूप दुसऱ्या जागी लिहितो. पुसल्याची खात्री देता येत नाही म्हटल्यावर ते बटण ठेवणं खोटं ठरलं असतं. उलट, आता ट्रिम नावाची सोय आहे, विंडोजमध्ये ती २००९ पासून आली. तिच्यात ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडीला सांगते की एवढ्या जागा आता नकोत, आणि मग एसएसडी त्या खरोखर साफ करून टाकते. तिथे नॉर्टनचा जादूगारही हात टेकतो. ही सोय बाहेरून यूएसबीने जोडलेल्या डिस्कपर्यंत दर वेळी पोचतेच असंही नाही.

तर मंडळी, तुमच्याही घरी अशी डबी असेलच. जागा हवी असेल तर आधी वापरलेली जागा आणि दिसणाऱ्या फायलींची बेरीज पडताळून बघा. फरक मोठा असेल तर लपवलेल्या फायली दाखवायचं सेटिंग चालू करा. मॅक हाताशी असेल तर डबी जोडून तिथेच एम्प्टी ट्रॅश करा, जोडलेल्या सगळ्या डिस्कचा कचरा जातो. नसेल तर विंडोजवरून तो लपवलेला फोल्डरच उडवा, डिस्कचं काही बिघडत नाही. आणि डबी विकायची किंवा कुणाला द्यायची असेल तर नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट पुरे नाही. विंडोजवर क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. व्हिस्टापासून त्यात डिस्कभर शून्यं लिहिली जातात, तबकडीवाल्या डिस्कला तेवढं बास आहे.

पण उडवण्याआधी यादी वाचा. हे मी आता जरा हळू सांगतोय.

'जुना मोबाईल' या फोल्डरमध्ये १४ ऑडिओ फायली होत्या. २०१२ च्या मे महिन्यात मी नववीची परीक्षा देऊन साताऱ्याला आजीकडे गेलो होतो. नवीन मोबाईल हातात आलेला, काहीही रेकॉर्ड करायचो. आजीला जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावल्या. तिला लोणच्याचं प्रमाण विचारलं. लहानपणी त्यांच्या वाड्यात कोण कोण राहायचं ते विचारलं. सगळ्या मिळून २३ फायली झाल्या. आजी २०१५ मध्ये गेली.

२०१८ मध्ये दादाकडे गेलो असताना त्याच्या मॅकवर मी ही डबी 'साफ' करायला बसलो. फायली लॅपटॉपवर आहेतच की, असं म्हणून तो फोल्डर मी स्वतः टोपलीत टाकला. लॅपटॉपची डिस्क पुढच्या वर्षी मेली. उरलेल्या ९ फायली एका पेन ड्राइव्हवर होत्या. त्या कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजवर डिलीट केल्या, कारण प्रोजेक्ट रिपोर्ट प्रिंट करायला जागा हवी होती. दोन्ही वेळा माझा हात तोच, बेफिकिरी तीच.

त्या पेन ड्राइव्हवर मी रविवारी दिवसभर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं. मधल्या वर्षांत त्यावर गाडीतली गाणी आणि झेरॉक्सवाल्याकडे न्यायच्या पीडीएफ येऊन गेलेल्या. एका फाईलचा चाळीस सेकंदांचा तुकडा मिळाला, त्यात आजी नाहीच, मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत.

डबीतल्या १४ मात्र धडधाकट. ज्या कचऱ्याला मी सकाळी शिव्या घालत होतो त्याने त्या सात वर्षं सांभाळल्या. जागेची हाव जिथे हरली तिथे आजी राहिली आणि जिथे जिंकली तिथे गेली, एवढाच काय तो फरक. त्यात माझं कर्तृत्व शून्य. १९९१ मध्ये कुणीतरी ठरवलं की माणसाने सांगेपर्यंत टोपली रिकामी करायची नाही, त्याचे उपकार.

आईला हेडफोन लावून दिले. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ऐकत होती. लोणच्याच्या फाईलला म्हणाली, "मोहरी कमी सांगितलीय, ती घालायची जास्त." प्रत्येक फाईलच्या शेवटी आजी एकच वाक्य म्हणते, "झालं का रे बंद ते?" चौदा वेळा.

फायली तीन ठिकाणी कॉपी केल्या. मग दादाला फोन करून विचारलं, तुझं काही हवंय का यातलं? तो म्हणाला, "उडव सगळं." तरी त्याला यादी पाठवली, म्हटलं आधी वाच. त्याने दोन फोल्डर काढून घेतले. नंतरच उडवलं.

३१५ जीबी मोकळे झाले. ताईचं लग्न आता डबीत आहे. असो. पुढच्या शनिवारी भेटूच.